घारी, डोंगर आणि माझी एक चूक



दिवाळीनंतर पुण्याला मुलाकडे गेलो होतो. नातीच्या हट्टापायी कामशेतला पॅराग्लायडिंग पाहायला गेलो. आमच्या वाशीमला भर दुपारी टेकडीवर घारी पंख न हलवता फिरतात ना, अगदी तशी माणसं कापडी पंखाला लटकून डोंगराच्या कडेकडेने तरंगत होती! वारा डोंगराला अडला की वर चढतो, त्याचाच हा आधार. वर सपाट बुडाचा, कापसासारखा ढग दिसला की समजायचं, त्याखाली तापलेली हवा वर चाललीय. ढगात मात्र शिरायचं नाही, काहीच दिसत नाही.

नातीने विचारलं, "आबा, असं पहिल्यांदा कोण उडालं?"

"शिवकर बापूजी..." एवढं तोंडात आलं आणि थांबलो.

१८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर तळपद्यांनी विमान उडवलं, हे मी वर्गात वर्षानुवर्षे छातीठोकपणे सांगितलं. पोरं टाळ्या वाजवायची. निवृत्तीनंतर वाचत गेलो, तेव्हा कळलं की त्या उड्डाणाचा त्या काळचा खात्रीलायक पुरावाच नाही. बरं, मूळ कथेतही विमानात माणूस नव्हता. त्यांच्या नावाशी जोडतात ते 'वैमानिक शास्त्र' सांगून लिहवून घेतलं गेलं १९१८ ते १९२३ मध्ये. म्हणजे १८९५ नंतर! तळपदे धडपडे होते, यात शंका नाही. पण धडपड वेगळी आणि उड्डाण वेगळं.

मग नातीला जर्मनीच्या ओटो लिलिएंथालची गोष्ट सांगितली. त्याने करकोच्यांचे पंख अभ्यासले, १८८९ साली पुस्तक लिहिलं. १८९१ पासून लाकडाच्या आणि कापडाच्या पंखांना लटकून टेकडीवरून दोन हजारांवर झेपा घेतल्या. तोल सांभाळायचा तो पाय इकडेतिकडे झुलवून. उडायला टेकडी हवी म्हणून बर्लिनजवळ चक्क एक टेकडी रचून घेतली! ९ ऑगस्ट १८९६ ला पडला, दुसऱ्या दिवशी गेला. पुढे १९४८ साली अमेरिकेत रोगॅलो नवरा-बायकोने स्वयंपाकघराच्या पडद्याच्या कापडाचा लवचिक पंख केला. हँग ग्लायडर त्यातूनच आले. (पडद्याचं ऐकून सूनबाई हसल्या.)

असो. घरी परतल्यावर रिसोडकडे मास्तर असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला आणि चूक कबूल केली. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मी त परवाच सांगितलं पोरांना. तुमचंच नाव घेऊन."