यंत्राचे वारस

वस्तूचा ताबा आणि वस्तूची मालकी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे कायद्याच्या विद्यार्थ्यास आरंभीच शिकविले जाते. पैसे मोजून पावती घेतली म्हणजे मालकी आली, असे आपण व्यवहारात मानतो. परंतु यंत्रांच्या बाबतीत हा विचार आम्हांस नेहमीच अपुरा वाटत आला आहे. ज्याला यंत्र उघडून पाहता येते, झिजलेला भाग बदलता येतो आणि प्रसंगी एका कामासाठी घडविलेल्या यंत्राकडून दुसरे काम करवून घेता येते, त्याचीच त्या यंत्रावर खरी सत्ता असते. इतरांच्या घरी ते नुसते पाहुणा म्हणून राहते. हा युक्तिवाद कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही, हे आम्ही जाणतो. इतिहासापुढे मात्र तो टिकतो. आणि त्याचा एक उत्तम दाखला कोल्हापूर आणि हुबळी या आपल्याच दोन गावांच्या दरम्यान घडलेला आहे.

चलच्चित्रांची कला आपल्याकडे आली ती परदेशी यंत्राच्या रूपाने. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या यंत्राने पहिला खेळ झाला. हे यंत्र मोठे चमत्कारिक होते. तेच चित्र टिपी, तेच त्याची प्रत काढी आणि तेच ती पडद्यावर दाखवी. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ साली मुंबईतील कुस्तीचे चित्रण केले. पुढे १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला जाऊन आले आणि येताना त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणले. कारण त्या वेळची कोरी फिल्म कडेची भोके न पाडताच येई. ती भोके घरी, अंधारात बसून पाडावी लागत. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटामागे हे अंधारातले कष्ट होते. तरीही फाळके यांचा कॅमेरा विकत घेतलेला होता. तो येथेच घडविण्याचे साहस ज्यांनी केले ते कोल्हापूरचे.

आनंदराव आणि बाबूराव हे दोघे चुलतभाऊ मूळचे चित्रकार. 'पेंटर' हे नाव त्यांना लोकांनी दिले. बाबूरावांचे आडनाव मेस्त्री, आणि ते आडनावच कारागिरीचे. बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा. १९१० नंतरच्या काही वर्षांत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यात या दोघांचा हात धरणारे थोडेच होते. फाळके यांचे चित्रपट पाहून दोघांनाही या नव्या कलेचे वेड लागले. परंतु कॅमेऱ्यास लागणारा पैसा जवळ नव्हता आणि १९१४ साली महायुद्ध सुरू झाल्यावर विलायतेहून यंत्रसामग्री मागविणे दुरापास्त झाले. मुंबईच्या चोरबाजारात त्यांना चित्रपट दाखविण्याचे एक जुने यंत्र, प्रोजेक्टर, मिळाले. ते घेऊन ते कोल्हापुरास आले. मिळतील ते चित्रपट पाहून त्यांचा अभ्यास चालला आणि आनंदरावांनी स्वतःचा कॅमेरा जुळविण्याचा ध्यास घेतला.

प्रोजेक्टर जाणणाऱ्यास कॅमेऱ्याचे स्वप्न पडावे, यात वेडेपणा काहीच नव्हता. ही दोन्ही यंत्रे सख्खी भावंडे आहेत. दोहोंचे मर्म एकच: फिल्म अखंड धावत नाही, ती थांबत थांबत पुढे सरकते. मूकपटांच्या काळात हाताने दांडा फिरवीत. एका फेऱ्यास ८ चित्रे आणि सेकंदास दोन फेरे, म्हणजे सेकंदास १६ चित्रे, असा साधारण प्रघात होता. प्रत्येक चित्र भिंगामागच्या चौकटीत क्षणभर स्थिर उभे राहते, मग दातेरी यंत्रणा कडेच्या भोकांत अडकून फिल्म पुढे ओढते आणि तेवढ्या अवधीत एक फिरती झडप प्रकाश अडविते. प्रोजेक्टरमध्ये दिव्याचा प्रकाश आतून बाहेर जातो, कॅमेऱ्यात जगाचा प्रकाश बाहेरून आत येतो. एवढाच काय तो फरक, असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु खरे कसब त्या 'एवढ्याच' फरकात आहे. प्रोजेक्टरच्या फिल्मवर बाहेरचा उजेड पडला तरी बिघडत नाही. कॅमेऱ्याच्या पेटीत सुईच्या अग्राएवढी फट राहिली तरी सारी फिल्म वाया जाते. प्रोजेक्टरच्या झडपेला दोन-तीन पाती असतात, कारण पडद्यावरची लुकलुक कमी करावयाची असते. कॅमेऱ्याच्या झडपेची उघडी बाजू किती, यावर चित्राला मिळणारा प्रकाश ठरतो. अर्धी उघडी तबकडी सेकंदास १६ फेरे घेत असेल, तर प्रत्येक चित्राला सेकंदाचा ३२ वा भाग मिळतो. प्रोजेक्टरच्या भिंगाला प्रकाश कमी-जास्त करणारा पडदा सहसा नसतो. कॅमेऱ्याचे त्यावाचून चालत नाही. आणि सर्वांत कठीण गोष्ट स्थैर्याची. फिल्मवरचे चित्र सुमारे २५ मिलिमीटर रुंद. ते ५ मीटर रुंदीच्या पडद्यावर दाखविले तर २०० पट मोठे होते. चौकटीत फिल्म मिलिमीटरच्या विसाव्या भागाने हलली, तर पडद्यावर राजवाडा एक सेंटिमीटर उड्या मारू लागतो. ज्या काळी कोल्हापुरात अशा सूक्ष्म मापाची हत्यारे दुर्मीळ होती, त्या काळी हे साधावयाचे म्हणजे कानस, बोटे आणि असीम धीर यांवरच भिस्त ठेवावी लागणार.

हा प्रयत्न चालू असतानाच, १९१६ साली, आनंदरावांचा मृत्यू झाला. आम्हांस या कथेतील हाच क्षण सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यंत्र अर्धवट आणि ते जाणणारा माणूस गेलेला, अशी स्थिती किती कारखान्यांत, किती घरांत येते! बहुतेक ठिकाणी तेथेच सारे संपते. सुटे भाग एखाद्या डब्यात पडून राहतात आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत बाहेर जातात. येथे तसे झाले नाही. बाबूरावांनी तो ध्यास सोडला नाही, आणि त्यांच्या हाताशी विष्णुपंत गोविंद दामले हे शिष्य होते. या दोघांनी खटपट करून १९१८ साली कॅमेरा सिद्ध केला. आनंदरावांची विद्या त्यांच्याबरोबर गेली नाही, याचे कारण एवढेच की ती एकट्याची राहिली नव्हती.

त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कोल्हापुरातील गायिका तानीबाई कागलकर यांनी तिला द्रव्यसाह्य केले, ही गोष्ट कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे. १९२० च्या फेब्रुवारीत कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' पुण्याच्या आर्यन सिनेमात झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले. पुढे 'सिंहगड' (१९२३) या चित्रपटात बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला आणि 'सावकारी पाश' (१९२५) मध्ये कर्जाने भूमी गमावणारा शेतकरी पडद्यावर आणला. त्या तरुण शेतकऱ्याचे काम करणारा नट आपल्या हुबळीशी नाते सांगणारा होता.

शांताराम राजाराम वणकुद्रे, म्हणजेच व्ही. शांताराम, यांचा जन्म १९०१ साली कोल्हापूरचा. पण त्यांच्या वाढत्या वयाची काही वर्षे हुबळीत गेली. येथील रेल्वेच्या वर्कशॉपात त्यांनी काम केले आणि न्यू डेक्कन सिनेमा या पत्र्याच्या थिएटरात दारावरच्या पोऱ्यापासून पडेल ते काम केले. तेव्हा हुबळी-धारवाड मुंबई इलाख्यात होते, तर कोल्हापूर छत्रपतींचे संस्थान. दोहोंना जोडणारा लोहमार्ग मिरज-बेळगावावरून जाई आणि १९०८ पासून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या कारभाराखाली होता. १९२० च्या सुमारास मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्यामुळे शांताराम महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले.

शांतारामांचा हुबळीतील काळ चरित्रकार बहुधा दारिद्र्याचे चित्र म्हणून रंगवितात. आम्हांस त्यात शिक्षणही दिसते. दिवसा वाफेच्या इंजिनांची दुरुस्ती पाहावी आणि रात्री पत्र्याखाली प्रोजेक्टरची खडखड ऐकावी, याहून चांगली चित्रपटाची शाळा त्या काळी कोठे होती? ज्याने लोखंड झिजताना आणि पुन्हा घडताना पाहिले आहे, त्यास कॅमेऱ्याचे भय वाटत नाही. या वर्कशॉपांत कन्नड, मराठी, कोंकणी, उर्दू, तेलुगू बोलणारी माणसे एकाच पान्याने काम करीत. पुढे १९५६ साली धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, २०१४ साली हुबळीचे अधिकृत नाव हुब्बळ्ळी झाले. सीमांविषयी पुष्कळ वाद झाले आणि त्यांतील काही अद्याप न्यायालयात आहेत. पण कारागिरीने सरहद्द ओलांडताना कधी कोणाची परवानगी मागितली नाही.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. बोलपट आले तेव्हा पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला: परदेशातून येणारे अनोळखी यंत्र आणि ते शिकविणारा कोणी नाही. 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटाच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी ज्यांनी उचलली, ते दामलेच होते. कॅमेरा जुळविताना यंत्राची जी भीती मोडली, तीच ध्वनियंत्रापुढे उपयोगी पडली. याच दामल्यांनी फत्तेलाल यांच्यासह दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला.

ही वृत्ती कोल्हापूरचीच मिरास होती, असे मात्र नव्हे. केरळातील आलप्पुळा येथे वाद्यदुरुस्ती करणाऱ्या एका घराण्याकडे छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचा फाटलेला भाता दुरुस्तीस आला. पेटीचा भाता शिवणाऱ्यास कॅमेऱ्याचा भाता परका का वाटावा? त्या दुरुस्तीतूनच १९४० नंतरच्या दशकात त्या घराण्यातील करुणाकरन यांनी 'वागीश्वरी' हा लाकडी स्टुडिओ कॅमेरा घडविला आणि तो देशभरच्या स्टुडिओंत गेला. धारवाडसारख्या गवयांच्या गावात, जेथे पेटी दुरुस्त करणारा शोधावा लागत नसे, तेथील वाचकांस या गोष्टीचे मर्म वेगळे सांगावयास नको.

आता थोडे आपल्या घरातल्या कपाटाकडे वळू. आमच्या वडिलांचा एक घडीचा कॅमेरा होता. त्यांच्या पश्चात आम्ही तो आदराने चामड्याच्या पेटीत घालून, पेटी कपड्यात गुंडाळून, कपाटात तळाशी ठेवला. धारवाडचे काही पावसाळे गेल्यावर उघडून पाहतो तो भिंगावर कोळिष्टकासारखी बुरशी पसरलेली आणि भात्याच्या घड्या चिरलेल्या. चामडे ओल धरून ठेवते, अंधारात बुरशी वाढते, आणि तिच्यातून स्रवणारी आम्ले काचेवर कायमचा ओरखडा उमटवितात, हे ज्ञान आम्हांस उशिरा झाले. ज्याला आम्ही जतन समजत होतो, ते दफन होते. या अपराधात दुसरा कोणी आरोपी नाही.

म्हणून ज्यांच्या घरी, विशेषतः गोवा-कोकणच्या दमट हवेत, असे जुने कॅमेरे असतील त्यांस आमचे सांगणे आहे की, ते चामड्याच्या पेटीतून काढा. ओल शोषणारे सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा आणि ते जेल वेळोवेळी तापवून कोरडे करा. पावसाळ्याखेरीज महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून त्याची झडप चालवा, कारण न चालविलेल्या यंत्रातील वंगण घट्ट होते. झडपेच्या पात्यांवर मात्र तेल कदापि सोडू नका. ती कोरडीच चालली पाहिजेत.

आणि कॅमेरा चालेनासा झाला, तरी त्याचे भिंग मरत नाही. प्रत्येक भिंगाला आपल्यापासून फिल्मपर्यंत ठराविक अंतर लागते. निकॉनच्या जुन्या एफ जातीच्या कॅमेऱ्यात भिंग बसविण्याच्या कड्यापासून फिल्म ४६.५ मिलिमीटरवर असते. आजच्या आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ सोनीच्या ई जातीत, हे अंतर १८ मिलिमीटर आहे. मधली २८.५ मिलिमीटरची उणीव एका धातूच्या कड्याने भरून काढली की पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे भिंग आजच्या कॅमेऱ्यावर डोळे उघडते. या योजनेत जुन्या वस्तूचा एक स्क्रूही तोडावा लागत नाही. कडे काढले की भिंग पूर्ववत. आनंदरावांच्या पिढीला साधने तुटपुंजी होती, म्हणून हाती आलेले यंत्र खोलून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपणांस निवड आहे. तेव्हा जो बदल उद्या परत फिरविता येईल तोच करावा, कारण आपल्यामागूनही या वस्तूचे वारस येणार आहेत.

'सैरंध्री' आज पाहावयास मिळत नाही. मूकपटांच्या काळातील आपले बहुतेक चित्रपट नष्ट झाले. त्यांची नायट्रेटची फिल्म सहज पेट घेई आणि पेटली नाही तर आपोआप कुजे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर जे जावयाचे ते गेले होते. चित्रे गेली, तरी ती ज्या हातांनी काढली त्यांची विद्या शिष्यांच्या हातांत उरली आणि तिनेच पुढची चित्रे घडविली.

आपल्या गावातही जुनी घड्याळे, पेट्या, कॅमेरे दुरुस्त करणारा एखादा वृद्ध कारागीर असेल. त्याच्या दुकानी जाऊन आपण वस्तू सोपवितो आणि 'केव्हा मिळेल?' एवढेच विचारतो. यापुढे आपल्या घरच्या एखाद्या मुलास त्याच्याशेजारी तासभर बसू द्यावे. मृत्युपत्राने घर देता येते, दागिने देता येतात, कॅमेराही देता येतो; पण तो उघडावा कसा हे कोणत्याही मृत्युपत्रात लिहिता येत नाही. ते शेजारी बसूनच घ्यावे लागते, जसे दामल्यांनी घेतले.