नाणेघाटांतील आकडे

कल्याणाहून मुरबाडवरून माळशेजकडे जाणाऱ्या सडकेवर वैशाखरे नांवाचें गांव लागतें. तेथें सडक सोडून रानाची वाट धरली म्हणजे दोन-तीन तासांच्या चढणीनंतर नाणेघाटाचा माथा येतो. सोपारा व कल्याण या बंदरांत उतरलेला माल जुन्नरास आणि तेथून पैठणास नेण्याची ही सातवाहनकाळची वाट होय. घाटाच्या तोंडाशीं दगडाचा एक मोठा रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असत, अशी लोकांची समजूत आहे. समजूत खरी असो वा नसो, घाटाचें नांव तिला पोषक आहे. पायथा ठाणें जिल्ह्यांत, मुरबाड तालुक्यांत. माथ्यावरचें लेणें मात्र पुणें जिल्ह्याच्या हद्दींत मोडतें. दोन हजार वर्षांपूर्वीं ज्यांनीं तें कोरविलें त्यांना या हद्दीची कल्पना नव्हती, हें सांगावयास नकोच.

या लेण्यांत राहण्यासारखें कांहीं नाहीं. एक चौकोनी दालन, भिंतींच्या कडेनें बसावयास ओटा, आणि डाव्या व उजव्या भिंतींवर मिळून वीस ओळींचा ब्राह्मी लिपींतील प्राकृत लेख. मागच्या भिंतीवर राजघराण्यांतील आठ व्यक्तींच्या आकृती होत्या. सिमुक सातवाहन, राजा सातकर्णि व देवी नागनिका वगैरे नांवें त्यांच्या डोक्यांवर कोरलेलीं होतीं. त्या आकृती केव्हांच नाहींशा झाल्या. खालीं राहिल्या त्या कांहीं पावलांच्या खुणा. मुख्य लेखांत राणीचें नांव झिजून गेलें आहे, परंतु ती सातकर्णीची विधवा नागनिका असावी, असें बहुतेक विद्वान् मानतात. महिना-महिना उपवास करणारी, घरांत राहून तापसीचें जिणें जगणारी, अशी तिची ओळख लेखांत दिली आहे. आणि त्याबरोबरच तिनें व तिच्या पतीनें केलेल्या यज्ञांची, त्यांत वांटलेल्या दक्षिणांची भली मोठी यादी. कालाविषयीं मतभेद आहेत. इसवी सनापूर्वींचें दुसरें किंवा पहिलें शतक एवढें म्हटलें म्हणजे पुरे.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला हें लेणें 1828 सालीं दिसलें. लेखाचें खरें मोल मात्र ओळखलें तें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं. जुनागडचा हा गृहस्थ मुंबईस डॉक्टर भाऊ दाजी यांच्या हाताखालीं तयार झाला. इंग्रजी शिक्षणाचा फारसा संस्कार नसतांना केवळ डोळ्यांच्या व चिकाटीच्या बळावर त्यानें जें काम केलें, तें पाहिलें म्हणजे आपल्याकडील पदव्यांच्या ढिगाचा थोडा संकोच वाटतो. त्यांनीं येथील आकड्यांवर 1876 च्या सुमारास लिहिलें, आणि पुढें 1883 मध्यें ब्यूलर या जर्मन पंडितानें संपूर्ण लेख संपादून प्रसिद्ध केला.

यज्ञ, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, लोकपाल या सर्वांचे उल्लेख धर्मेतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाचे आहेत. परंतु प्रस्तुत लेखकाचें आयुष्य संगणकाच्या नादांत गेलें असल्यामुळें त्याची दृष्टि खिळते ती आकड्यांवर. सतराशें गाई, अकरा हजार गाई, एक हजार घोडे, चोवीस हजार चारशें कार्षापण, प्रेक्षकांस व सेवकांस सहा हजार एक कार्षापण. हे आकडे नुसते शब्दांनीं न लिहितां चिन्हांनीं लिहिलेले आहेत. अशोकाच्या लेखांत आकडे येतात ते अगदीं तुरळक. इतक्या संख्येनें व इतक्या मोठ्या रकमांसाठीं ते प्रथम दिसतात ते येथें. एक, दोन, चार, सहा, सात, नऊ यांचीं चिन्हें आहेत; दहा, वीस, साठ, ऐंशीं यांचीं निराळीं आहेत; शंभराचें व हजाराचें त्याहून निराळीं.

हें कसें चालत असे तें नीट पाहिलें पाहिजे, कारण त्याविषयीं अभिमानानें पुष्कळ चुकीचें बोललें जातें. शंभराच्या चिन्हाला एक रेघ जोडली कीं दोनशें होत. त्याच चिन्हाला चाराचें चिन्ह जोडलें कीं चारशें, साताचें जोडलें कीं सातशें. हजारालाही हाच नियम. म्हणजे चोवीस हजार चारशें लिहावयाचे तर हजाराला वीस जोडलेलें एक चिन्ह, हजाराला चार जोडलेलें दुसरें, शंभराला चार जोडलेलें तिसरें, अशीं तीन जोडचिन्हें ओळीनें मांडावयाचीं व मनांत त्यांची बेरीज करावयाची. येथें शून्य नाहीं, आणि अंकाच्या जागेवरून त्याची किंमत ठरण्याची युक्तिही नाहीं. एकंशांचीं नऊ, दहांचीं नऊ, शंभर व हजार मिळून वीस चिन्हें पाठ असलीं म्हणजे लाखाच्या आंतलें सर्व लिहितां येई. त्यापुढें जावयाचें तर नवीन चिन्ह शोधणें आलें. राजाच्या दानाला एवढें पुरत होतें.

स्थानमूल्याची युक्ति व शून्य यांना यानंतर कित्येक शतकें लागलीं. इसवी सन 628 मध्यें ब्रह्मगुप्तानें शून्याचे बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले. त्यानंतर अवघ्या चौतीस वर्षांनीं, 662 मध्यें, सेवेरस सेबोख्त नांवाच्या एका सीरियन धर्मगुरूनें हिंदूंच्या नऊ चिन्हांच्या गणनपद्धतीची वाखाणणी केली. ग्रीकांपलीकडेही ज्ञान असतें, हें त्याला आपल्या काळच्या गर्विष्ठ लोकांना ऐकवावयाचें होतें. नवव्या शतकांत बगदादच्या अल-ख्वारिझ्मीनें या अंकांवर ग्रंथ लिहिला; त्याच्याच नांवापासून गणनविधीला यूरोपीय भाषांत 'अल्गोरिदम' हा शब्द आला. 1202 मध्यें पिसाच्या लिओनार्दोनें, ज्याला आपण फिबोनाची म्हणतों, ते अंक इटलीच्या व्यापाऱ्यांपुढें मांडले.

आणि येथें राजकारण आडवें आलें. 1299 मध्यें फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघानें आपल्या सभासदांना हे नवे अंक जमाखर्चाच्या वह्यांत वापरण्यास मनाई केली. हे अंक सहज खोडून बदलतां येतात, ही त्यामागची भीति असें सांगतात, व ती अगदींच पोकळ नव्हती. पण कोणत्याही संघाची मनाई पाहिली कीं, जुनी पद्धति ज्यांच्या हातांत आहे त्यांचा जम तिच्यावर बसलेला असतो, हेंही विसरूं नये. मनाई टिकली नाहीं. टिकणार तरी कशी? ज्या वस्तूचा मालक नाहीं ती कोणाकडून जप्त करावयाची? नाणेघाटांतील चाराचें चिन्ह प्रथम कोणीं काढलें, त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. राणीचें नांव तिच्या आकृतीवर कोरलें, सरदाराचें कोरलें. कारकुनाचें कोरलें नाहीं. त्या अनाम कारकुनाचीं चिन्हें प्रत्येक पिढीनें उचललीं, थोडीं वळविलीं, आणि पुढच्या पिढीला दिलीं.

आमच्या काळांत हाच तंटा संगणकाच्या आज्ञावल्यांवरून झाला. आरंभीं यंत्र विकत घेतलें कीं त्याच्या आज्ञावल्या मूळ मजकुरासह मिळत व अभ्यासक त्या आपसांत वांटीत. पुढें मजकूर झांकून केवळ चालणारी प्रत विकण्याची चाल पडली. 1983 च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यानें, आपण एक संपूर्ण मुक्त प्रणाली लिहून सर्वांस देणार, असें जाहीर केलें. 1989 मध्यें त्यानें जो परवाना सिद्ध केला त्यांत एक मोठी मार्मिक गोष्ट आहे. आज्ञावली वापरा, वाचा, बदला, वांटा. मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास द्याल तर त्यालाही हेच अधिकार द्या. मालकीच्या कायद्याचीच कात्री घेऊन मालकीच्या गांठी कापण्याचा हा प्रकार होय. 1991 मध्यें फिनलंडच्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें आपला लिनक्स हा गाभा लोकांपुढें ठेविला, आणि पुढल्या वर्षीं तोही याच परवान्याखालीं आणला. 2017 च्या नोव्हेंबरपासून जगांतील पांचशें सर्वांत बलाढ्य संगणकांपैकीं एकूणएक त्याच गाभ्यावर चालत आले आहेत. आणि मुरबाडच्या बाजारांत भाजी विकणाऱ्या बाईच्या हातांतील फोनच्या पोटांतही बहुधा तोच असतो.

आपल्या संसदेपुढेंही हा प्रश्न आला होता, हें फार थोड्यांच्या ध्यानांत आहे. आपल्या एकस्वाच्या कायद्यांत 3(क) या इंग्रजी 'के' अक्षराच्या पोटकलमानें गणिती रीति, केवळ आज्ञावली व अल्गोरिदम यांवर एकस्व देतां येत नाहीं, असें म्हटलें आहे. 2004 च्या डिसेंबरांत निघालेल्या वटहुकुमानें या कलमांत एक फट पाडून उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या आज्ञावल्यांना वाट करून दिली होती. 2005 मध्यें कायदा मंजूर होतांना ती फट बुजविली गेली. त्या काळीं वर्तमानपत्रांचे रकाने औषधांच्या एकस्वांनीं भरलेले होते, व तें योग्यच होतें. पण या लहानशा दुरुस्तीचें महत्त्वही कमी नव्हतें.

मराठी वाचकाला या गोष्टीची झळ अन्य मार्गानेंही लागलेली आहे. संगणकावर मराठी छापूं लागलें तेव्हां प्रत्येक विक्रेत्याच्या टंकाची सांकेतिक भाषा निराळी. एकाच्या टंकांत लिहिलेला लेख दुसऱ्याच्या यंत्रावर उघडला तर 'क' च्या जागीं स्वल्पविराम व 'ज्ञ' च्या जागीं भलतेंच कांहीं उमटे. किती नियतकालिकांचीं किती वर्षें या कुलपांत अडकलीं याचा हिशोब कोणीं ठेवलेला नाहीं. 1991 मध्यें युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीला सर्वांस समान असें स्थान मिळालें. तें अंगवळणीं पडण्यास आणखी दीड-दोन दशकें गेलीं. 2007 मध्यें मुरबाडच्या शेजारच्या कर्जत तालुक्यांत, खैराटच्या धनगरवाड्यावरील शाळेंत, मुलांच्या हातीं लहान संगणक देण्याचा प्रयोग झाला तो मुक्त आज्ञावल्यांवरच.

परंतु वांटून कमी न होणाऱ्या वस्तूंचें एवढें कौतुक करतांना, वांटल्यावर कमी होणाऱ्या वस्तूंचीही आठवण ठेवावी, आणि त्यासाठीं मुरबाडच्या शेजारीं शहापुरास जावें. 1892 मध्यें तानसाचें धरण पुरें झालें व तेथील पाणी नळांनीं मुंबईस जाऊं लागलें. 1957 मध्यें वैतरणेवर मोडकसागर झाला. पुढें भातसा आली, आणि मुंबईच्या पाण्यांत आज सर्वांत मोठा वांटा तिचाच आहे. 2014 मध्यें मध्य वैतरणेचें धरण झालें. एवढीं जलाशयें ज्याच्या अंगाखांद्यावर, त्या तालुक्यांतील कित्येक पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. लिनक्सची प्रत मुंबईनें घेतल्यानें शहापूरची प्रत कमी होत नाहीं. भातसेचें पाणी कमी होतें. मुक्त आज्ञावल्यांचा कैवार घेणारे आमचे कित्येक मित्र हा भेद न करतां सर्व जगाचा कारभार आपल्या परवान्यानें चालवूं पाहतात. पाण्याचा प्रश्न परवान्यानें सुटत नाहीं. त्याला ग्रामसभा, निवडणूक, मोर्चा व न्यायालय हींच साधनें लागतात, आणि त्या मार्गानें जाणाऱ्याला फोनमधील मुक्त गाभ्याचा उपयोग झालाच तर मोर्चाची वेळ कळविण्यापुरता.

नाणेघाट चढून जुन्नराच्या पलीकडे गेलें कीं नारायणगांवाजवळ खोडद येतें. तेथें गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभी राहिलेली मोठी रेडिओ-दुर्बीण आहे. प्रत्येकीं पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत. जगांतील कोणत्याही देशाच्या ज्योतिर्विदास तेथें निरीक्षणाचा वेळ मागतां येतो, आणि ठराविक मुदतीनंतर मिळालेली माहिती सर्वांस खुली होते. ती चाळण्याच्या आज्ञावल्याही बऱ्याचशा मुक्त आहेत. 2023 च्या जूनमध्यें, अतिशय संथ गुरुत्वीय लहरींचा पुरावा मिळाल्याचें ज्या देशोदेशींच्या संघांनीं जाहीर केलें, त्यांत खोडदच्या निरीक्षणांचाही भाग होता.

या विश्वाचें पुढें काय होणार, हा प्रश्न मराठी घरांत आणला तो जयंत नारळीकरांनीं. 1938 मध्यें कोल्हापुरास जन्मलेला हा शास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर, विश्वाला आरंभ नाहीं या पक्षाचा कैवार घेऊन उभा राहिला. 1965 मध्यें विश्वभर पसरलेलें मंद प्रारण सांपडलें आणि बहुतेकांनीं महास्फोटाचा पक्ष स्वीकारला. नारळीकरांनीं हॉइल व बर्बिज यांच्यासह 1993 मध्यें आपला सिद्धांत सुधारून पुन्हां मांडला: विश्व आलटून पालटून पसरतें व आकुंचन पावतें, पण त्याला आदि वा अंत नाहीं. बहुमत त्यांच्याकडे कधींच वळलें नाहीं. 20 मे 2025 रोजीं ते निवर्तले. शास्त्रांत बहुमतानें निर्णय होत नाहीं, असें आपण म्हणतों. पण दुर्बिणीचा वेळ व पैसा वांटतांना बहुमताचें वजन पडतें, ही तक्रार त्यांच्या पक्षानें वारंवार केली, व ती विचारांत घेण्यासारखी आहे.

प्रचलित मतानें विश्वाचें वय सुमारें 1,380 कोटी वर्षें आहे. सूर्य आणखी सुमारें 500 कोटी वर्षें तळपेल. 1998 मध्यें असें आढळलें कीं विश्वाचा पसारा मंदावत नसून वेगानें वाढत आहे. तसेंच चाललें तर एकावर चौदा शून्यें इतक्या वर्षांच्या सुमारास नवे तारे जन्मावयाचे थांबतील, आणि सर्वांत मोठीं कृष्णविवरें विरून जावयास एकावर शंभर शून्यें इतकीं वर्षें लागतील. नाणेघाटच्या कारकुनाला ही संख्या लिहितां आली नसती. मात्र 2024 व 2025 मध्यें डेसी नांवाच्या प्रकल्पानें कोट्यवधि दीर्घिकांच्या मोजणीवरून असा संशय व्यक्त केला आहे कीं, पसाऱ्याला वेग देणारी ही शक्ति कालांतरानें क्षीण होत असावी. तसें ठरलें तर वरचा हिशोब पुन्हां मांडावा लागेल. त्या प्रकल्पाच्या पहिल्या वर्षाची माहिती 2025 च्या मार्चमध्यें सर्वांस खुली झाली. मुरबाडच्या एकाद्या विद्यार्थ्यास ती उतरवून घ्यावयाची असेल तर त्याला कोणाची परवानगी लागत नाहीं. दिवसभर वीज राहिली पाहिजे, एवढेंच.