'कळसाडी' किती अक्षरी? क्लास, ऑब्जेक्ट आणि स्ट्रिंग म्हणजे काय, समजून घ्या सोप्या शब्दांत

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देण्यात आले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग त्यासाठी गावात आले होते. त्यानंतर शिष्यवृत्ती, बँक खातं, रेशन अशा प्रत्येक कामासाठी नाव-गाव कॉम्प्युटरमध्ये जुळवून पाहणं नेहमीचं झालं. त्यासोबत एक मेसेजही ओळखीचा झाला: 'नाव जुळत नाही.'

दोन्ही कागदांवरचं नाव माणसाला सारखंच दिसतं. मग कॉम्प्युटरला ते वेगळं का वाटतं? याचं उत्तर प्रोग्रामिंगच्या अगदी पहिल्या धड्यांत आहे. ते धडे म्हणजे क्लास आणि स्ट्रिंग. इथली उदाहरणं जावा या भाषेच्या नियमांप्रमाणे आहेत, फक्त शब्द सोयीसाठी मराठीत लिहिले आहेत.

क्लास आणि ऑब्जेक्टमध्ये फरक काय?

क्लास म्हणजे कोरा फॉर्म. त्यात कोणते रकाने असतील आणि त्या माहितीवर कोणती कामं करता येतील, एवढंच ठरलेलं असतं. तो फॉर्म भरला की तयार होतो ऑब्जेक्ट.

समजा 'गाव' नावाचा क्लास आहे. त्यात नाव, जिल्हा आणि पिनकोड असे तीन रकाने आहेत. या रकान्यांना फील्ड म्हणतात. मग कळसाडीची नोंद अशी होईल:

क = नवीन गाव("कळसाडी", "नंदुरबार", पिनकोड)

टेंभलीसाठी दुसरं ऑब्जेक्ट बनेल. क्लास एकच, ऑब्जेक्ट हवी तितकी. ऑब्जेक्ट तयार होताना जो कोड चालतो, त्याला कन्स्ट्रक्टर म्हणतात. 'पत्ता छापा' किंवा 'जिल्हा बदला' यांसारख्या कामांना मेथड म्हणतात.

ही कल्पना नॉर्वेतून आली. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी १९६०च्या दशकात सिम्युला ही भाषा तयार केली. तिच्या 'सिम्युला ६७' या आवृत्तीत क्लास आणि ऑब्जेक्ट होते. या कामासाठी दोघांना २००१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

फील्ड कुलूपबंद का ठेवतात?

कुणीही थेट पिनकोडच्या रकान्यात काहीही लिहू शकला, तर पाच आकडी पिनकोडही आत जाईल. म्हणून फील्ड 'प्रायव्हेट' ठेवतात आणि बदल फक्त मेथडमधून करू देतात. ती मेथड आधी तपासते: सहा आकडे आहेत का? पहिला आकडा शून्य तर नाही? याला एन्कॅप्सुलेशन म्हणतात. चुकीची माहिती शिरण्याआधीच दारात अडवायची, हा त्याचा मुख्य फायदा.

स्ट्रिंग म्हणजे काय?

स्ट्रिंग म्हणजे चिन्हांची माळ. नाव, गाव, पत्ता, मेसेज, सगळं स्ट्रिंगमध्ये राहतं. जावात स्ट्रिंग हासुद्धा एक क्लासच आहे, त्यामुळे लांबी मोजणं, तुकडा काढणं, शोधणं या मेथड त्याच्यासोबत तयार मिळतात.

आता 'कळसाडी'ची लांबी विचारा. आपण मोजतो क, ळ, सा, डी: चार अक्षरं. जावा उत्तर देतं सहा. कारण युनिकोडमध्ये काना आणि वेलांटी यांनाही स्वतःचे क्रमांक आहेत. माळ अशी बनते: क, ळ, स, काना, ड, वेलांटी. 'नंदुरबार' आपल्यासाठी पाच अक्षरी, कॉम्प्युटरसाठी आठ चिन्हांचं. फॉर्ममध्ये 'कमाल २० कॅरेक्टर' लिहिलेलं असताना मराठी नाव अपेक्षेपेक्षा आधीच का तुटतं, ते यावरून कळतं. ही माळ एकेक चिन्ह घेऊन उलटी केली, तर वेलांटी सुरुवातीला येऊन एकटीच लटकते.

फोन नंबर हा 'नंबर' नसतो

नंदुरबार शहराचा एसटीडी कोड ०२५६४ आहे. तो संख्या म्हणून साठवला तर सुरुवातीचं शून्य गळून २५६४ उरतं. जावाच्या कोडमध्ये तो थेट तसाच लिहिला तर घोळ आणखी वाढतो. संख्येआधी शून्य दिसलं की जावा तिला आठ पायाची, म्हणजे ऑक्टल संख्या समजतं. मग ०२५६४ची किंमत होते १३९६!

आधार क्रमांक १२ आकडी असतो. जावाच्या साध्या 'इंट' प्रकारात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ एवढीच संख्या मावते. त्यामुळे तो तिथे बसतच नाही. नियम सोपा आहे: ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, ते स्ट्रिंग म्हणून ठेवा.

स्ट्रिंग कधीच बदलत नाही

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांवर इथल्या गावांपुढे 'जिल्हा धुळे' असंच लिहिलेलं असायचं. कोडमध्ये हा बदल असा दिसेल:

क.जिल्हा = "नंदुरबार"

इथे "धुळे" ही स्ट्रिंग खोडून तिच्या जागी नवी अक्षरं लिहिली जात नाहीत. "धुळे" आहे तशीच राहते. कळसाडीचं फील्ड फक्त दुसऱ्या स्ट्रिंगकडे बोट दाखवू लागतं. या गुणाला इम्युटेबल म्हणतात.

यामुळे एकच "धुळे" स्ट्रिंग शेकडो ऑब्जेक्टना बिनधास्त वापरता येते. ती जागच्या जागी बदलता आली असती, तर एका गावाचा जिल्हा बदलताना शिरपूर आणि साक्रीही नंदुरबारमध्ये गेले असते.

नवशिके इथेच चुकतात. 'रिप्लेस' मेथड वापरली म्हणजे मूळ स्ट्रिंग बदलली, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात ती मेथड नवी स्ट्रिंग परत देते. ती कुठे साठवली नाही, तर दुरुस्ती वाया जाते.

सारखं दिसणं आणि सारखं असणं

जावात दोन स्ट्रिंगमध्ये == लावलं, तर प्रश्न असा होतो: हे दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहेत का? मजकूर सारखा आहे का, हे विचारण्यासाठी 'इक्वल्स' मेथड लागते. कोडमध्ये लिहिलेल्या सारख्या स्ट्रिंग जावा एकाच साठ्यातून वापरतं, म्हणून चाचणीत == बरोबर चालल्यासारखं वाटतं. खऱ्या माणसाने फॉर्ममध्ये तेच नाव टाईप केलं की नवं ऑब्जेक्ट बनतं आणि उत्तर येतं 'नाही'.

'इक्वल्स' वापरूनही मराठीत अडचण उरते. ही कारणं पाहा:

- जादा स्पेस: "कळसाडी" आणि "कळसाडी " या दोन वेगळ्या स्ट्रिंग आहेत. दुसरीच्या शेवटी मोकळी जागा आहे.
- आकडे: मराठी १२ आणि इंग्रजी आकड्यांतले बारा यांची चिन्हं वेगळी आहेत.
- अर्धा र: 'शेतकऱ्या' आणि 'शेतकर्‍या' वाचताना एकच. पहिल्यात ऱ आहे, दुसऱ्यात साधा र आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पहिल्याची लांबी ८, दुसऱ्याची ९.
- ॲ: 'ॲ' हे एक चिन्ह आहे, तर 'अॅ' हे अ आणि चंद्र मिळून दोन.

मग नाव जुळवायचं कसं?

चांगला प्रोग्राम तुलना करण्याआधी स्ट्रिंग स्वच्छ करतो. 'स्ट्रिप' मेथड दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढते. युनिकोड नॉर्मलायझेशनमुळे चिन्हं लिहिण्याच्या काही पर्यायी पद्धती एकसारख्या होतात. मात्र अर्धा र आणि ॲ यांचे वर दिलेले फरक त्यातूनही सुटतात. त्यासाठी मराठीचे नियम प्रोग्रामरलाच लिहावे लागतात.

त्यापेक्षा भक्कम मार्ग म्हणजे ओळख नावावर न ठेवता क्रमांकावर ठेवणं. आधारचा शेवटचा आकडा व्हरहूफ पद्धतीने आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला असतो. त्यामुळे एक आकडा चुकला तर तो लगेच पकडता येतो. नावाच्या स्पेलिंगमध्ये अशी सोय नसते.

तोपर्यंत ऑनलाइन फॉर्म भरताना दोन गोष्टी करता येतात. नावाच्या आधी-नंतर स्पेस राहिलेली नाही ना, हे पाहा. आणि मूळ कागदावर जे स्पेलिंग आहे, तेच प्रत्येक ठिकाणी लिहा. नावावरून माणूस ओळखणं कॉम्प्युटरला येत नाही, तो फक्त एकेक चिन्ह ताडून पाहतो.