अकोला करार : न घडलेल्या इतिहासाचा अर्थ

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सपुढे राज्ययंत्रणा नव्याने उभारण्याचा प्रश्न होता. जनरल द गॉल यांनी जून १९४६ मध्ये समर्थ राष्ट्राध्यक्षाची कल्पना मांडली. ती तेव्हा मान्य झाली नाही. पुढील बारा वर्षांत वीसहून अधिक मंत्रिमंडळे आली आणि गेली, तेव्हा कुठे १९५८ च्या राज्यघटनेत ती कल्पना अवतरली. आपल्या वऱ्हाडच्या इतिहासातही असा एक नाकारलेला आराखडा आहे. मात्र त्याला दुसरी संधी मिळाली नाही.

स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, ८ ऑगस्ट १९४७ रोजी, शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी प्रभृती पुढाऱ्यांनी अकोल्यात करार केला. संयुक्त प्रांत व्हावा, पण त्यात महाविदर्भ हा उपप्रांत असून त्याला स्वतःचे विधिमंडळ, मंत्रिमंडळ व न्यायसंस्था असावी. ते न साधल्यास महाविदर्भ वेगळा व्हावा, असे ठरले. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला होता. आपल्या कापसाचा पैसा परमुलखात खर्ची पडतो, ही येथील जुनी तक्रार या कराराच्या मुळाशी होती.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मात्र उपप्रांत उरला नाही. त्याऐवजी लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च व नोकऱ्या आणि दरवर्षी नागपूरला विधिमंडळाचे एक अधिवेशन, अशी आश्वासने आली. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. तीही बाजूला पडून १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला.

अकोल्याचा आराखडा अमलात आला असता तर? पाटबंधाऱ्यांचा अग्रक्रम वैदर्भीय मंत्रिमंडळाने ठरवला असता. परंतु सत्तेचे केंद्र बहुधा नागपूरच झाले असते आणि अमरावती-अकोल्याची गाऱ्हाणी मुंबईऐवजी तेथे गेली असती. शिवाय कन्नमवार व वसंतराव नाईक यांच्या रूपाने विदर्भाला सबंध महाराष्ट्राचे नेतृत्व लाभले, ते तसे लाभते ना.

तरीही एक भेद उरतो. अकोल्यात अधिकार मागितला होता, नागपुरात आश्वासन स्वीकारले गेले. विकास मंडळांची तरतूद १९५६ मध्येच घटनेत आली; प्रत्यक्ष मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली आणि २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. दरम्यान सिंचनाचा अनुशेष अमरावती विभागात साचत राहिला. आश्वासन पाळणाऱ्याच्या मर्जीवर जगते. संस्था मात्र जाब विचारू शकते. न घडलेल्या इतिहासाकडून वऱ्हाडाने एवढे तरी शिकावे.