अटकेच्या वरचं पाणी

रीलमध्ये ती खोली हमखास दिसते. काचेची भिंत, बाहेर निळंशार पाणी, पलीकडे करडे उभे कडे. खाली लिहिलेलं असतं : अत्ताबाद लेक, हुंझा. भारताच्या नकाशात असलेल्या पण पाकिस्तानच्या ताब्यातल्या गिलगिट-बाल्टिस्तानातलं हे तळं. भारतीय पासपोर्टवर तिथे जाणं जवळपास अशक्य, म्हणून आपण स्क्रीनवरच बघतो. पण २००९ साली त्या जागी तळंच नव्हतं. तिथे नदी होती, काठाला शेतं होती, घरं होती आणि चीनकडे जाणारा काराकोरम हायवे होता.

४ जानेवारी २०१० ला अत्ताबाद गावाजवळचा डोंगर खाली आला. सुमारे वीस माणसं गेली. ढिगाऱ्याने हुंझा नदी अडली आणि पाणी मागे साठत गेलं. जूनपर्यंत वीस किलोमीटरहून लांब आणि शंभर मीटरहून खोल जलाशय तयार झाला. ऐनाबाद बुडालं, शिश्कतचा मोठा भाग बुडाला, गुलमितच्या खालच्या वाड्या पाण्यात गेल्या. एका क्षणात वाहून जाण्याचा हा प्रकार नव्हता. पाणी रोज थोडं थोडं वर चढत होतं, आणि लोक आपल्याच घराची दारं, खिडक्या, छताची लाकडं काढून वर नेत होते.

डोंगर हलतोय हे माहीत नव्हतं असंही नाही. कित्येक वर्षं उतारावरच्या भेगा रुंदावत होत्या. पाकिस्तानच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २००९ मध्ये पाहणी करून धोक्याचा इशारा दिला होता. काही कुटुंबं हललीही होती. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे वॉर्निंग दिसत असूनही काम पुढे रेटलं जातं, हे रोज बघतो. पण तिथे फार तर सर्व्हर पडतो.

या खोऱ्याला असा बांध नवा नाही. 'अटकेपार झेंडे' हे आपण शाळेपासून ऐकतो. १७५८ मध्ये मराठी फौजा ज्या अटकेपर्यंत पोहोचल्या, तिथल्या सिंधू नदीत हुंझाचं पाणी गिलगिट नदीतून येऊन मिसळलेलं असतं. १८४१ मध्ये नंगा पर्बतजवळ दरड कोसळून अडलेली सिंधू फुटली आणि अटकेजवळची शीख सैन्याची छावणी वाहून गेली. १८५८ मध्ये तर हुंझा खोऱ्यातच दरडीने नदी अडवली. काही महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, तो बांध फुटला आणि शेकडो किलोमीटर खाली अटकेला सिंधू काही तासांत प्रचंड चढली.

२०१० मध्ये हीच भीती होती. खालची गावं रिकामी केली गेली. ढिगाऱ्यातून चर खोदला आणि २९ मेला पाणी त्यातून वाहू लागलं. बांध टिकला. खालचे वाचले, पण वरचे अडकले. गोजालमधल्या वीस हजारांहून जास्त लोकांचा रस्ता पाण्याखाली होता. पुढची पाच वर्षं आजारी माणसं, बटाट्याची पोती, अगदी जीपसुद्धा लाकडी होड्यांवर चढवून नेत. हिवाळ्यात पाणी गोठलं की तेही बंद. सप्टेंबर २०१५ मध्ये बोगद्यांचा नवा रस्ता सुरू झाला, आणि त्याच रस्त्याने पर्यटक आले. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या बारीक पिठामुळे पाण्याला आलेला रंग फोटोत फारच छान दिसत होता. काठावर हॉटेलं उभी राहिली.

मधल्या काळातली एक तारीख मात्र कुठल्याच ट्रॅव्हल व्हिडिओत येत नाही. ऑगस्ट २०११ मध्ये अलियाबादला विस्थापित लोक नुकसानभरपाई मागायला रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारात एक बाप आणि त्याचा मुलगा मारले गेले. त्यानंतर उसळलेल्या संतापाबद्दल खटले झाले ते आंदोलकांवर. बाबा जान या कार्यकर्त्याला दहशतवादविरोधी कोर्टाने जन्मठेप दिली. तो सुटला नोव्हेंबर २०२० मध्ये, तेही लोकांनी अलियाबादला धरणं धरल्यावर.

२०२५ मध्ये तळं पुन्हा बातमीत आलं. एका परदेशी व्लॉगरने काठावरच्या हॉटेलचं सांडपाणी तळ्यात जातंय असा आरोप करणारा व्हिडिओ टाकला आणि प्रशासनाने हॉटेलचा काही भाग सील केला. एका व्हिडिओवर इतकी धावपळ झाली. भरपाईसाठी रस्त्यावर उतरलेल्यांच्या वाट्याला गोळ्या आणि तुरुंग आला होता.

पर्यटन नको, असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचंही. जमीन गेलेल्या खोऱ्यात होडी चालवणं, खोली भाड्याने देणं, जेवण करून घालणं हा खरा रोजगार आहे. प्रश्न एवढाच की खोलीचं भाडं ज्या दृश्यासाठी घेतलं जातं, त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्याकडे त्यातलं किती पोचतं.

नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरीच्या साइटवर या तळ्याची २०१० सालची उपग्रह छायाचित्रं आहेत, फोनवर उघडतात. पुढची रील आली की तीही बघा. करड्या डोंगरांमधून पाण्याची एक निळी पट्टी खोऱ्यात वर वर सरकताना दिसते. ती जिथे जिथे पोचली, तिथे आधी कुणाचं तरी शेत होतं.