हात हलवा, गेम खेळा: एका रिमोटची कुळकथा

हात हलवून व्हिडिओ गेम खेळायची युक्ती निन्टेंडोच्या 'वी' या गेमयंत्रानं शोधली, असा एक पक्का समज आहे. तो चुकीचा. १९८९ साली अमेरिकेत मॅटेल कंपनीनं 'पॉवर ग्लोव्ह' नावाचा हातमोजा बाजारात आणला होता. टीव्हीभोवती संवेदक लावायचे, मनगटावरच्या बटणांनी प्रत्येक गेमचा वेगळा आकडा भरायचा आणि मग मूठ वळवायची. मुलांनी हट्ट धरला, आईबापांनी घेऊन दिला आणि लवकरच तो कपाटात गेला, कारण नेम धड लागत नसे. २००३ मध्ये सोनीनं प्लेस्टेशन २ साठी 'आयटॉय' कॅमेरा काढला. त्यासमोर हात फिरवून पडद्यावरच्या काचा पुसता येत. तो खपलाही चांगला, पण घरच्या गेमवेड्या पोराचं जास्तीचं खेळणं म्हणूनच.

म्हणजे तंत्र आधीच होतं. नवीन होतं ते गिऱ्हाईक.

हे गिऱ्हाईक शोधायची निन्टेंडोवर वेळच आली होती. क्योटोची ही कंपनी १८८९ पासूनची, मूळ धंदा खेळायच्या पत्त्यांचा. २००२ मध्ये सातोरू इवाता अध्यक्ष झाले. संस्थापक यामाउची घराण्याबाहेरचे ते पहिलेच, आणि मुळात प्रोग्रॅमर. त्या वेळी कंपनीचा 'गेमक्यूब' प्लेस्टेशन २ पुढे पार मागे पडला होता. शेवटी त्याची विक्री थांबली सव्वादोन कोटींच्याही आत. सोनीनं पंधरा कोटींचा टप्पा ओलांडला. आणखी वेगवान, आणखी चकाचक यंत्र काढून ही लढाई जिंकता येणार नाही, हे इवातांनी ओळखलं. त्यांनी हिशेब मांडला तो न खेळणाऱ्यांचा. बारा-चौदा बटणांचा कंट्रोलर हातात दिला की आई, आजोबा तो लगेच परत करतात. मग त्यांच्या हातात रोज असणाऱ्या वस्तूसारखंच काहीतरी का देऊ नये?

ती वस्तू म्हणजे टीव्हीचा रिमोट. यंत्रही डीव्हीडीच्या दोन-तीन डब्या एकावर एक ठेवल्या तर होईल एवढंच हवं, असा इवातांचा आग्रह. रात्री पंखा घरघरला तर आई प्लगच काढून टाकेल, हाही विचार झाला होता.

सप्टेंबर २००५ मध्ये टोकियो गेम शोमध्ये रिमोट पहिल्यांदा दाखवला, आणि विक्रीची खरी अक्कल तिथे दिसली. त्या चित्रफितीत गेमचा पडदा दिसतच नाही. दिसतात ती माणसं: कुणी भाजी चिरल्यासारखा हात चालवतंय, कुणी गळ टाकतंय, कुणी ढोल बडवतंय, वयस्क जोडपी सोफ्यावर हसतायत. आवाज ऐकून गेम आपण मनात रचायचा. मी तरी यापेक्षा हुशार जाहिरात या धंद्यात पाहिलेली नाही.

रिमोटच्या पोटात हातवारे ओळखणारी छोटी चिप होती आणि टोकाला अवरक्त किरण टिपणारा कॅमेरा. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला सगळे 'सेन्सर बार' म्हणतात, पण त्यात सेन्सर नाहीच. दोन टोकांना अवरक्त दिवे, बस्स. तिच्याऐवजी दोन मेणबत्त्या लावल्या तरी काम भागतं.

नोव्हेंबर २००६ मध्ये वी अमेरिकेत २५० डॉलरला आला. त्याच आठवड्यात आलेल्या प्लेस्टेशन ३ ची किंमत ५०० पासून सुरू होत होती. पण स्वस्ताईपेक्षा मोलाचा ठरला खोक्यातला फुकट गेम, 'वी स्पोर्ट्स'. निन्टेंडोचे अमेरिकेतले तेव्हाचे प्रमुख रेजी फिल्स-एमे यांनी त्यासाठी भांडण मांडलं. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांना आपला गेम फुकट वाटणं बिलकूल पसंत नव्हतं. रेजींचं खरं ठरलं. त्यातल्या टेनिसमध्ये खेळाडू आपोआप धावतो, आपण फक्त रॅकेट फिरवायची. समजावून सांगायला अर्धं मिनिट पुरतं. दुकानदारानं काही सांगायची गरजच उरली नाही. जपानमध्ये मात्र हा गेम वेगळा विकला.

लोक इतके रंगले की रिमोट हातातून सुटून टीव्हीवर आदळू लागले. डिसेंबरमध्येच कंपनीला सुमारे ३२ लाख मनगटी दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत 'वी'वरच्या बोलिंगच्या स्पर्धा भरू लागल्या. पुढच्या वर्षी जपानमध्ये 'वी फिट' आला, वजनकाट्यासारख्या फळीसकट. मियामोतो रोज वजन करून लिहून ठेवत, त्यातून सुचलेला. अखेर वी खपले दहा कोटींवर.

मग सगळेच मागे लागले. २०१० मध्ये सोनीचा 'मूव्ह' आला आणि मायक्रोसॉफ्टचा 'किनेक्ट'. किनेक्टमध्ये हातात काहीच नको, साठ दिवसांत ऐंशी लाख विकले. पण त्याला समोर सहा फूट मोकळी जागा हवी. ती किती घरांत असते? २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नव्या 'एक्सबॉक्स वन' यंत्राबरोबर तो सक्तीनं गळ्यात मारला, किंमत चढली, आणि वर्षभरात तो काढून यंत्र शंभर डॉलरनं स्वस्त करावं लागलं.

निन्टेंडोचंही तेच झालं. नवं गिऱ्हाईक टेनिसचं होतं, कंपनीचं नव्हतं. २०१२ मध्ये 'वी यू' आला, तेव्हा हे नवं यंत्र आहे की जुन्याचाच सुटा भाग, हेच अनेकांना कळलं नाही. शिवाय तोवर हलका खेळ मोबाइलवर फुकट मिळू लागला होता. वी यू खपले जेमतेम १ कोटी ३६ लाख.