टायरवाहतूक, लांब पल्ल्याची (किफायतशीर)

मोटारीचे सुटे टायर शेकडो किलोमीटर दूरच्या गावी कमीत कमी भाड्यात पोहोचवण्याच्या भारतातील पद्धती. कारखान्यातून वितरकाकडे जाणाऱ्या भरगच्च ट्रकांचा विचार येथे केलेला नाही. चार-पाच नग पाठवणारा मोटारमालक, गॅरेजवाला व छोटा दुकानदार यांच्यापुरती ही नोंद आहे. बदली झालेल्या नोकरदाराचा जास्तीचा सेट, परगावी स्वस्तात मिळालेले वापरलेले टायर, प्रीमियर पद्मिनीच्या ५.२०-१४ सारख्या जुन्या मापाची जोडी ही अशा खेपांची नेहमीची उदाहरणे होत.

पार्श्वभूमी : भारतातील पहिला टायर कारखाना डनलॉपने १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंज येथे उभारला. पुढे हा उद्योग देशभर विखुरला. महाराष्ट्र-गोव्यात सिएटचे भांडुप व नाशिक, ब्रिजस्टोनचे चाकण आणि एमआरएफचे फोंडा तालुक्यातील उसगाव येथील कारखाने प्रसिद्ध आहेत. मुंबईत येणाऱ्या मालावर जकात होती तोवर शहराबाहेरची भिवंडीची गोदामे व्यापाऱ्यांना सोयीची पडत. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला व मुंबईची जकात संपली. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. देशभर कर एकच असल्याने परगावचा सौदा परवडतो की नाही, हे बरेचसे भाड्यावर ठरते.

आकारमानी वजन : टायरचे भाडे महाग पडते ते रबरामुळे नव्हे, मधल्या पोकळीमुळे. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६२ सेंमी व रुंदी १९ सेंमी असते. वजन जेमतेम ८ किलो. कुरिअरवाले लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार करून त्याला बहुधा ५,००० ने भागतात. त्या हिशेबाने हा टायर १४.६ किलोंचा ठरतो. चार टायरांची थप्पी काट्यावर ३२ किलो भरते, पण बिल ५८ किलोंचे येते. रस्तावाहतुकीच्या काही कंपन्या घनफुटावर आकारणी करतात. ही थप्पी सव्वादहा घनफुटांच्या आसपास असते. घनफुटाला ६ किलो धरले तर ६२ आणि १० किलो धरले तर १०३ किलो. म्हणजे तोच सेट ३२ किलोंचाही ठरतो आणि १०३ किलोंचाही. म्हणून किलोचा दर विचारण्याआधी ‘वजन कसे धरता?’ हे विचारणे अगत्याचे.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली, खोका टाळावा. ६५ × ६५ × ८० सेंमीच्या खोक्यात तीच थप्पी घातली तर ५,००० च्या भाजकाने वजन ६७ किलोंवर जाते. नुसत्या प्लॅस्टिक फिल्ममध्ये गुंडाळलेली थप्पी स्वस्त पडते. दुसरी, डिस्क (चाकाची रिम) सोबत पाठवायची असेल तर ती टायरवर चढवलेलीच ठेवावी. डिस्क पोकळीतच बसत असल्याने आकारमान जवळजवळ वाढत नाही. मात्र प्रत्यक्ष काट्याने भाडे घेणाऱ्याकडे याच डिस्कमुळे खर्च दुपटीच्या घरात जातो.

पार्ट लोड ट्रक : बहुतेक खेपांना हाच मार्ग स्वस्त. अनेकांचा माल एका गाडीत भरून तो ठाण्या-ठाण्यावर उतरवण्याची ही पद्धत. कोलकात्यात १९५८ मध्ये सुरू झालेली टीसीआय आणि गदगमध्ये १९७६ साली एका ट्रकवर उभी राहिलेली व आता हुबळीत मुख्यालय असलेली व्हीआरएल ही या व्यवसायातील ठळक नावे. छोट्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे पुष्कळदा नगावर भाव ठरतो, आणि तेथे टायरची पोकळी मोजली जात नाही. गोदाम ते गोदाम पाठवल्यास घरपोच आकार वाचतो. भाव ठरवताना हमाली, बिल्टीचा (वाहतूकदाराच्या मालपावतीचा) आकार व उतरवणावळ भाड्यात धरली आहे का, हे विचारून घ्यावे. लहान खेपेत हे किरकोळ आकार मूळ भाड्याच्या बरोबरीला येऊ शकतात. महाराष्ट्रात चढ-उताराचे काम अनेक ठिकाणी १९६९ च्या माथाडी कायद्याखालील कामगार करतात.

बिल्टी व जबाबदारी : स्वस्त भाड्याची खरी किंमत माल गहाळ झाल्यावर कळते. १८६५ च्या वाहक कायद्याची जागा घेणारा ‘रस्त्याने मालवाहतूक अधिनियम, २००७’ १ मार्च २०११ पासून अमलात आला. प्रेषकाने मालाची जास्त किंमत जाहीर करून जादा जोखीमदर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरती असते. भाडे ६०० रुपये असल्यास भरपाई ६,००० रुपये; चार नवे टायर त्याहून कितीतरी महाग असतात. दावा लावायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. त्यामुळे बिल्टीवर ‘टायर ४ नग’ एवढेच न लिहिता कंपनी, माप आणि टायरच्या कडेवरचे चार आकडी उत्पादनचिन्ह (पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे) नोंदवून घेणे हिताचे. पैसे आधी भरले की ‘पेड’, घेणाऱ्याने भरायचे असतील तर ‘टू पे’. हा शेरा चुकला तर गोदामावर वाद होतो. ५०,००० रुपयांवरील मालाला सामान्यतः ई-वे बिल लागते. त्याची मुदत दर २०० किमीला एक दिवस. जुन्या टायरांची पावती नसल्यास वाहतूकदार बहुधा ‘विक्रीसाठी नाही’ असे सहीचे पत्र मागतात.

रेल्वे पार्सल : दूरच्या, थेट गाडी असलेल्या स्थानकांसाठी विचारात घेण्याजोगा मार्ग. गार्डच्या डब्यातील पार्सल कप्प्याची क्षमता साधारण ४ टन असते आणि हे कप्पे पुष्कळदा खासगी ठेकेदारांकडे असतात. दर गाडीच्या श्रेणीनुसार बदलतो. किंमत जाहीर करून तिच्यावरील टक्केवारी आकार भरला नसेल, तर १९८९ च्या रेल्वे कायद्याखाली भरपाईची मर्यादा किलोला ५० रुपये, म्हणजे वरील सेटला १,६०० रुपये. माल वेळेत उचलला नाही तर स्थानकाचे जागाभाडे चढते.

बस : २०२० च्या टाळेबंदीत एसटीने जुन्या बसचे मालट्रक करून मालवाहतूक सुरू केली. खासगी आराम बसच्या डिकीतूनही टायर जातात. पावती मिळतेच असे नाही.

टपाल : स्पीड पोस्ट पार्सललाही आकारमानी वजन लागू.

विमान : तातडीखेरीज परवडत नाही.

बांधणी : नायलॉनची पट्टी मधल्या भोकातून ओवून दोन-दोन टायर घट्ट बांधतात. नाव व फोन लिहिलेला कागद बाहेर एक आणि टायरच्या आत एक चिकटवावा. बाहेरचा घासून गेला तरी आतला टिकतो. पोती ओढण्याचा हमालांचा लोखंडी आकडा टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसला की टायर बाद होतो. तेव्हा ‘आकडा लावू नये’ हे ठळक अक्षरांत लिहावे. तेलाच्या डब्यांशेजारी थप्पी ठेवू देऊ नये. खनिज तेलाने रबर फुगते.

मतभेद : जागा वाचवण्यासाठी एका टायरमध्ये दुसरा दाबून बसवण्याची चाल जुन्या मालाच्या व्यापारात आढळते. तिने भाडे घटते, मात्र रिमवर बसणारी तारेची कड वाकण्याचा धोका राहतो. वापरण्याजोग्या टायरसाठी ही रीत चालेल का, याबाबत व्यापारी व तंत्रज्ञ यांच्यात एकमत नाही.